पळवून नेल्याचा आरोप आणि बचावाची बाजू

१ ऑक्टोबर १९६०. मद्रासच्या कोडंबक्कम भागात नातेवाइकांच्या घरी ठेवलेली एक कॉलेजकन्यका सकाळी दहाच्या सुमारास बाहेर पडली, एका तरुणाला फोन केला आणि अमुक रस्त्यावर गाडी घेऊन ये म्हणाली. आदल्याच दिवशी घरात या प्रकरणाचा स्फोट झाला होता. सरकारी खात्यात वरच्या हुद्द्यावर असलेल्या वडिलांनी मुलगी शेजारच्या त्या तरुणापासून लांब राहावी म्हणून तिला तातडीने इकडे आणून सोडले होते. तरुण गाडी घेऊन आला. दोघांनी वाटेत साक्षीदार म्हणून एका ओळखीच्या माणसाला गाडीत घेतले, सराफाच्या दुकानात जाऊन मंगळसूत्राचे सोने घेतले आणि मग नोंदणी कार्यालयात जाऊन लग्नाचा करार नोंदवला. तिथून हॉटेल, मग गावोगाव प्रवास. शेवटी तंजावरला पोलिसांनी त्यांना गाठले.

मुलीला अठरा वर्षे पूर्ण व्हायला दीड महिना कमी होता. तरुणाला एक वर्षाची सक्तमजुरी झाली आणि हायकोर्टानेही ती कायम ठेवली.

सुप्रीम कोर्टात मात्र तो सुटला. ‘एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य’ या नावाने हा निकाल आज देशातल्या प्रत्येक लॉ कॉलेजात शिकवला जातो. तो लिहिणारे न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातले, काँग्रेसचे माजी अध्यक्ष रघुनाथराव मुधोळकरांचे पुत्र. त्यांच्यापुढचा प्रश्न नेमका होता. मुलगी अल्पवयीन होती, वडिलांची संमती नव्हती, दोघे एकत्र गेले, या तिन्ही गोष्टींवर वाद नव्हता. पण तरुणाने तिला ‘नेले’ का? घर तिने स्वतः सोडले, फोन तिने केला, जागा तिने ठरवली, लग्नाचा आग्रहही तिचाच होता. आपण काय करतो आहोत हे समजण्याइतकी ती जाणती होती. अशा मुलीला सोबत येऊ देणे वेगळे आणि तिला पालकाच्या ताब्यातून नेणे वेगळे, असे कोर्टाने म्हटले. सोबत येऊ देणे हा अपहरणाच्या कलमाखाली गुन्हा ठरत नाही.

अपहरणाच्या खटल्यातला बचाव कसा चालतो, हे समजायला या निकालासारखे दुसरे उदाहरण नाही. सिनेमातला वकील ‘माझा अशील त्या रात्री शहरातच नव्हता’ म्हणून टेबलावर हात आपटतो. प्रत्यक्षात अपहरणाच्या बहुतेक खटल्यांत कोण कुठे होते यावर फारसा वाद नसतोच. गुन्हा तीन-चार घटकांचा बनलेला असतो. त्यातला प्रत्येक घटक सरकार पक्षाने स्वतंत्रपणे सिद्ध करायचा असतो, आणि कुठला घटक कच्चा आहे हे शोधणे हेच बचाव पक्षाच्या वकिलाचे खरे काम असते.

आता कायद्याची रचना पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने कलम ३६१ आणि ३६३ आता १३७ मध्ये एकत्र आले आहे. अल्पवयीन व्यक्तीला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, पालकाच्या संमतीशिवाय नेणे किंवा फूस लावून नेणे, हा तो गुन्हा. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड. जुन्या कायद्यात मुलगा सोळाच्या आतला आणि मुलगी अठराच्या आतली असा फरक होता. नव्यात दोघांनाही अठराची मर्यादा आहे. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन गेल्याबद्दल पूर्वी हे कलम लागत नव्हते, आता लागते. बळजबरीने किंवा फसवून एखाद्याला एका जागेहून दुसरीकडे जायला लावणे ही कलम १३८ मधली वेगळी गोष्ट. तिथे वयाचा संबंध नाही. पण तो प्रकार एकटा गुन्हा ठरत नाही, त्यामागे खुनाचा, कोंडून ठेवण्याचा, जबरदस्तीने लग्न लावण्याचा किंवा असाच एखादा हेतू सिद्ध व्हावा लागतो. खंडणीसाठी पळवण्याचे जुने ३६४-अ आता १४०(२) झाले आहे आणि तिथली शिक्षा जन्मठेप किंवा फाशी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात अपहरणाचे १,०७,५८८ गुन्हे नोंदले गेले. आदल्या वर्षी ते १,०१,७०७ होते. आकडा वाचून वाटते, देशभर टोळ्या फिरताहेत. यातला एक मोठा भाग वेगळ्या कारणाने येतो. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने मे २०१३ मध्ये आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली तर ते पळवले किंवा विकले गेले असे गृहीत धरून पोलिसांनी गुन्हा नोंदवावा. आदेश योग्यच होता, कारण त्याआधी ‘येईल परत, वाट बघा’ म्हणून पालकांना ठाण्यातून परत पाठवले जाई. पण त्यामुळे परीक्षेत नापास होऊन घर सोडलेला मुलगा आणि मित्राबरोबर निघून गेलेली मुलगी यांच्याही नोंदी ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवले’ याच साच्यात पडतात. मुलगी सापडते तेव्हा तिच्यासोबत जो असतो, तो अज्ञात इसम.

त्या इसमाच्या वकिलाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: मुलीचे वय किती, आणि ते कशावरून?

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. महाराष्ट्रात ज्यांचा वाढदिवस १ जूनला येतो अशी माणसे प्रत्येक गावात, प्रत्येक सरकारी कार्यालयात भेटतात. घरी कुणी तारीख लिहून ठेवलेली नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई, आणि पहिलीत नाव घालताना गुरुजी पोराचा हात डोक्यावरून कानाला लावून पाहत आणि रजिस्टरात १ जून ठोकून देत. ही जन्मतारीख नोकरीला, निवडणुकीला, पेन्शनला चालून गेली. फौजदारी खटल्यात ती चालेलच असे नाही, कारण तिथे दीड महिन्याच्या फरकाने माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

मुख्याध्यापक दाखल-खारीज रजिस्टर घेऊन साक्षीला येतात तेव्हा उलटतपासणी याच ओळीभोवती फिरते. नोंद कोणी केली? तेव्हा तुम्ही या शाळेत होता का? जन्मतारीख कोणी सांगितली, वडिलांनी की आणून सोडणाऱ्या चुलत्याने? सोबत जन्मदाखला जोडला होता का? चार प्रश्नांत बहुतेक मुख्याध्यापकांना मान्य करावे लागते, की समोरच्या नोंदीबद्दल त्यांना स्वतःला काहीच ठाऊक नाही. सुप्रीम कोर्टाने १९८८ च्या बिरदमल सिंघवी खटल्यात हेच सांगितले होते: शाळेच्या रजिस्टरातली तारीख ज्या माहितीवरून आली ती माहिती देणारा कोण, हे कळल्याशिवाय त्या नोंदीला फारसे वजन नाही.

बालन्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आता वयाच्या पुराव्याची उतरंड ठरलेली आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. २०२३ मध्ये तामिळनाडूतल्या पी. युवप्रकाश यांच्या अपिलात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले, की शाळा सोडल्याचा दाखला या यादीत बसत नाही. सरकार पक्षाकडे तेवढाच कागद होता आणि डॉक्टरांच्या मते मुलगी अठरा ते वीस वर्षांची होती. आरोपी सुटला. हाडांच्या तपासणीतही दोन्ही बाजूंनी दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे कोर्टांनी १९८२ च्या जयमाला प्रकरणापासून मान्य केले आहे, आणि संशयाचा फायदा आरोपीला.

‘ती मोठी दिसत होती’ किंवा ‘तिनेच मला एकोणीस सांगितले’ हा बचाव मात्र जवळपास कधीच चालत नाही. १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री प्रिन्स नावाच्या माणसाने सोळाच्या आतली मुलगी वडिलांच्या ताब्यातून नेली. तिने आपले वय अठरा सांगितले होते, ती तशी दिसतही होती आणि त्याचा त्यावर प्रामाणिक विश्वास होता, हे ज्युरीने मान्य केले. तरी शिक्षा कायम राहिली. वयाचा धोका घेणाऱ्याने तो स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायचा, हे तत्त्व दीडशे वर्षांनंतरही आपल्याकडच्या खटल्यांत डोके वर काढते.

अल्पवयीन मुलीची संमती हाही बचाव नाही. गावाकडच्या कोर्टाच्या आवारात आरोपीचे काका तावातावाने सांगत असतात, ‘वकीलसाहेब, पोरगी आपल्या पायाने आली हो!’ वकिलाला हे ऐकून फार हुरूप येत नाही. कलमात संमती हवी ती पालकाची. २०२१ मध्ये गुजरातच्या अन्वरसिंह झाला याच्या अपिलात सुप्रीम कोर्टाने प्रेमसंबंधाचा मुद्दा बचाव म्हणून फेटाळला. तरी आरोपीचे तेव्हाचे तरुण वय, बळजबरीचा अभाव आणि १९९८ च्या घटनेनंतर उलटलेली वर्षे पाहून त्याने आधीच भोगलेली कैद पुरेशी मानली. गुन्हा शाबीत, पण तुरुंगात परत जाणे नाही. अशा निकालाला वकील मंडळी हार म्हणत नाहीत.

मग वरदराजन सुटला तो कसा? त्याने संमतीवर भर दिला नाही, ‘नेणे’ या घटकावर दिला. हा धागा बारीक आहे आणि तो तुटायला वेळ लागत नाही. १९७२ मध्ये हरयाणातला राजाराम सुप्रीम कोर्टात हरला. मुलगी चौदा वर्षांची होती. राजाराम दुसऱ्याच एका माणसाचे निरोप तिला पोचवत होता, आणि ठरल्याप्रमाणे ती रात्री एकटीच चालत त्याच्या घरी आली. हायकोर्ट म्हणाले, याने तिला घरातून नेले कुठे? सुप्रीम कोर्ट म्हणाले, मुलीच्या मनात घर सोडण्याची इच्छा ज्याने पेरली त्याने तिला नेलेच, हात धरून ओढण्याची गरज नाही. दोन निकालांमधला फरक वयाचा आहे, तसाच पुढाकाराचाही. म्हणूनच अशा खटल्यात वकील आधी फोनचे रेकॉर्ड मागवतो. पहिला कॉल कोणी केला, भेटवस्तू कोणी दिल्या, तिकीट कोणी काढले, बॅग कोणी भरली, या बारक्यासारख्या गोष्टींवर सात वर्षे अवलंबून असतात. वरदराजनचा धागा आजही जिवंत आहे. १९९४ च्या एका प्रकरणात उत्तराखंडच्या तिलक सिंग याला सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सोडले, तेव्हा आधार याच निकालाचा होता.

या प्रकारच्या खटल्यात सगळ्यात वजनदार कागद म्हणजे मुलीने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याचे कलम १८३ झाले, पण कोर्टाच्या व्हरांड्यात अजून तो ‘एकशे चौसष्टचा जबाब’च आहे. मुलगी सापडल्या दिवशी एक सांगते, चार दिवस मामाकडे राहून आल्यावर दुसरेच. बचावाचा वकील दोन्ही जबाब शेजारी ठेवतो आणि मधले चार दिवस ती कुणाच्या ताब्यात होती ते विचारतो. इथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. सोबत पोक्सोचे, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे, कलम लागले तर चित्र पार पालटते, कारण त्या कायद्यात काही गुन्ह्यांबाबत आरोपीविरुद्धच गृहीतक आहे आणि आपले निर्दोषत्व दाखवण्याचा भार त्याच्यावर येतो.

मुलगी सज्ञान असेल तर मात्र खटल्याचा पायाच उरत नाही. ‘लता सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या २००६ च्या प्रकरणात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या सज्ञान स्त्रीने दुसऱ्या जातीतल्या पुरुषाशी दिल्लीत आर्य समाज मंदिरात लग्न केले. भावांनी तक्रार केली आणि पोलिसांनी नवऱ्याच्या बहिणींसह घरच्यांना उचलून तुरुंगात टाकले. सुप्रीम कोर्टाने तो खटला मुळासकट रद्द केला. सज्ञान स्त्रीला कुणी कायदेशीर पालक नसतो. हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात जितके साधे आहे, तितके ते अनेक पोलीस ठाण्यांच्या गळी उतरलेले नाही.

पालकत्वाचा आणखी एक पेच असतो: वडिलांनी किंवा आईने स्वतःच्याच मुलाला नेले तर? नवरा-बायको वेगळे राहतात, एक दिवस बाप शाळेतून किंवा अंगणातून मूल उचलून घेऊन जातो आणि आई ठाण्यात जाऊन अपहरणाची फिर्याद देते. अमरावतीत २०२३ मध्ये तीन वर्षांच्या मुलाबाबत असाच गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी तो रद्द केला. हिंदू कायद्यानुसार वडीलही नैसर्गिक पालक आहेत, आणि एका कायदेशीर पालकाकडून दुसऱ्या कायदेशीर पालकाकडे मूल जाणे म्हणजे अपहरण नव्हे, असे खंडपीठाने म्हटले. त्यात एक अट होती: कोणत्याही सक्षम न्यायालयाच्या आदेशाने त्याला मनाई झालेली नसेल तर. कुटुंब न्यायालयाने ताबा आईला दिलेला असताना मूल पळवणाऱ्या बापाला या निकालाची ढाल मिळत नाही. आजी-आजोबा, मामा, काका यांचे गणित तर आणखी निराळे. आपल्याला ताब्याचा हक्क आहे अशा प्रामाणिक समजुतीने मूल नेले असेल तर कायद्यात अपवाद आहे, पण समजूत प्रामाणिक होती हे कागदावर दिसावे लागते.

खंडणीसाठी पळवल्याच्या आरोपात फार काही पणाला लागलेले असते. १९९३ मध्ये हे कलम आणले गेले तेव्हा डोळ्यापुढे दहशतवादी आणि संघटित टोळ्या होत्या. पुढे ते कुणालाही लागू लागले. २०१५ मध्ये विक्रम सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते फाशीसह घटनात्मक ठरवले. त्यामुळे वकिलासमोर कलम खोडण्याचा मार्ग बंद आहे, उरतो तो घटक खोडण्याचा.

हैदराबादची एक घटना या दृष्टीने फार बोलकी आहे. २०११ मध्ये एका रिक्षाचालकाने सहावीतल्या मुलाला रिक्षातून दुसरीकडेच नेले आणि वडिलांकडे दोन लाख रुपये मागितले. पोलिसांनी मुलाला सोडवले. रिक्षाचालकाला जन्मठेप झाली, हायकोर्टाने ती कायम केली. मुलाला नेले हे सिद्ध होते, पैसे मागितले हेही सिद्ध होते. मग राहिले काय? सुप्रीम कोर्टाने २८ जून २०२१ च्या ‘शेख अहमद विरुद्ध तेलंगण राज्य’ या निकालात कलमाची उकल केली. पळवणे हा पहिला घटक, पैसे मागणे हा तिसरा. मधला दुसरा घटक म्हणजे ठार मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी, किंवा तशी भीती वाटावी असे वागणे. तो घटक या खटल्यात कुठे होता? मुलानेच साक्षीत सांगितले, की माझ्याशी नीट वागले. वडिलांच्या साक्षीतही धमकीचा पुरावा नव्हता. जन्मठेप गेली आणि साध्या अपहरणाच्या कलमाखाली सात वर्षे कैद व पाच हजार रुपये दंड आला. पीडित मुलाच्या तोंडच्या एका प्रामाणिक वाक्याने आरोपीचे उरलेले आयुष्य वाचवले. उलटतपासणीत मुलावर खेकसणाऱ्या वकिलांनी हा निकाल वाचण्यासारखा आहे.

उलट बाजूही पाहायला हवी. नागपुरात २०१४ मध्ये आठ वर्षांच्या मुलाला खंडणीसाठी पळवून ठार मारण्यात आले. तिथे बचाव पक्षाला घटक फोडता आले नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये दोघांचा दोष कायम ठेवला. फाशी तेवढी टळली आणि सवलतीशिवाय पंचवीस वर्षांची जन्मठेप आली. लहान मुले पळवून ठार मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींच्या प्रकरणात तर दोष आणि फाशी दोन्ही २००६ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत टिकली. त्यांना शेवटी उपयोगी पडली ती दयेच्या अर्जावरची सरकारी दिरंगाई, जिच्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली.

खंडणीचा पुरावा आजकाल मोबाइलभोवती असतो. इथे बचावाला जालन्याने एक हत्यार दिले आहे. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला विधानसभा निवडणुकीचा वाद उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावर होता, आणि पुरावा होता व्हिडिओ चित्रीकरणाचा. त्या वादात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवले, की मूळ यंत्र न्यायालयात आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावेच लागते. तेव्हापासून निवडणुकीशी काडीचा संबंध नसलेल्या अपहरणाच्या खटल्यांत ‘खोतकर’ हे नाव रोज घेतले जाते. नव्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ ने ही अट आणखी घट्ट केली. कॉलच्या नोंदींचा सीडीआर पुढे येतो तेव्हा वकील प्रमाणपत्र तपासतो, मग सिमकार्ड कुणाच्या नावावर ते पाहतो. टॉवर लोकेशन फोन कुठल्या परिसरात होता एवढेच सांगते, तो कुणाच्या हातात होता हे नाही. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतो, हे २०१९ पासून पक्के झाले आहे. त्यामुळे ‘फोनवरचा आवाज माझा नाही’ असे सांगणाऱ्याने आधी चार वेळा विचार करावा.

अपहरण झाले हे सगळ्या देशाला ठाऊक असूनही खटला कसा कोसळतो, हे पाहायचे तर तामिळनाडूतल्या गोबिचेट्टीपाळयमला जावे लागेल. ३० जुलै २००० रोजी चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांना गाजनूरच्या शेतघरातून पळवून नेले. दोन राज्यांची सरकारे १०८ दिवस हवालदिल होती. वीरप्पन २००४ मध्ये मारला गेला, राजकुमार २००६ मध्ये गेले, आणि उरलेल्या आरोपींचा खटला सत्र न्यायालयात रेंगाळत राहिला. २५ सप्टेंबर २०१८ रोजी नऊ जण निर्दोष सुटले. अपहरण घडले याबद्दल कुणाला शंका होती असे नाही. हेच नऊ जण त्यात होते याचा पुरेसा पुरावा मात्र सरकार पक्षाने आणला नाही. राजकुमारांच्या घरच्यांची साक्षदेखील झाली नव्हती. साक्षीदारांची ओळख परेड वेळेत घेणे, पंचनाम्याला पंच नीट नेमणे, पळवलेल्या माणसाचा जबाब लवकर नोंदवणे ही कामे तपास अधिकारी आळसाने करतो, तेव्हा बचावाच्या वकिलाला वेगळी हुशारी लागत नाही.

गप्प बसण्याचा हक्क आरोपीला आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हेही खरे. पण अपहरणाच्या खटल्यात मौन एका ठिकाणी अंगाशी येते. १९८४ मध्ये कलकत्त्यात एका माणसाला लोकांदेखत ओढून नेण्यात आले आणि नंतर त्याचा मृतदेह मिळाला. नेणारे म्हणाले, पुढे काय झाले ते सरकार पक्षाने सिद्ध करावे. २००० मध्ये मीर मोहम्मद ओमर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने उत्तर दिले: नेल्याचे सिद्ध झाल्यावर पुढे त्या माणसाचे काय झाले हे नेणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि तो सांगत नसेल तर खुनाचा निष्कर्ष काढता येतो. ‘मी तिथे नव्हतोच’ या बचावाचेही असेच. तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो आणि तो फसला तर सगळ्या बचावावरचा विश्वास उडतो. जाणते वकील म्हणूनच त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

कोर्टात पोचण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत बरेच काही बिघडलेले असते. साध्या अपहरणाचे कलम नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत जामीनपात्र आहे, हे आरोपीच्या घरच्यांना क्वचितच माहीत असते. म्हणूनच सोबत कोणती कलमे ‘वाढवली’ आहेत हे पाहावे लागते. जबरदस्तीने लग्न लावण्यासाठी पळवल्याचे कलम ८७, जुने ३६६, त्यात आले की दहा वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हा अजामीनपात्र आणि खटला सत्र न्यायालयात. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक न करता आधी नोटीस द्यावी, असे सुप्रीम कोर्टाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्येच बजावले आहे. अटक झालीच तर कारणे लेखी आणि आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची, हे वरळीच्या अपघात प्रकरणातून निघालेल्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने सगळ्या गुन्ह्यांना लागू केले. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे तर घटनेतच आहे. दोषारोपपत्र साध्या अपहरणात साठ दिवसांत आणि खंडणीच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. बरेच वकील ही तारीख डायरीत लाल शाईने लिहून ठेवतात. नव्या कलमांचे आकडे अजून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले नाहीत. काल-परवापर्यंत ‘चारशे ब्याऐंशी’ म्हणजे हायकोर्टात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज होता. आता तेच ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि गुन्हा रद्द करायला ५२८. एका अर्जावर चुकीचा आकडा पडून तारीख वाया गेल्याचे किस्से बार रूममध्ये चवीने सांगितले जातात. वाया गेलेल्या तारखेचा दिवस मात्र आरोपी कोठडीत काढतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून पहिल्या रिमांडला कुणीच उभे राहिले नाही, असे घडू देण्याचे कारण नाही. १९७८ मध्ये ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालापासून मोफत कायदेविषयक मदत हा हक्क मानला जातो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला, स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना ती उत्पन्न न पाहता मिळते. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. घरातल्या कुणावर असा गुन्हा नोंदला गेला तर पहिल्याच दिवशी तिथे जावे, किंवा १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करावा, आणि मुलीच्या वयाचा जो कागद घरात किंवा गावात मिळेल त्याची प्रत सोबत न्यावी.